लिस्बनमधले पाच दिवस आणि सिनिऑरिटीवरून झालेली क्रांती

दिवस पहिला, गुरुवार २४ एप्रिल २०२५

विमानतळाच्या बाहेर माझा मावसभाऊ हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा होता आणि पाटीवर मार्करने लिहिलेलं "सावंतवाडी टर्मिनस", त्यामुळे शोधायचा प्रश्नच आला नाही. "काय गो ताई, थंडी लागता?" हे पहिलं वाक्य. तो मूळचा पेडण्याचा, आजोबांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यात झालेला म्हणून त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि आता सहा वर्षं तो इथे एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतोय. बायको-मुलगी अजून पेडण्यालाच.

युरोपला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने स्वित्झर्लंड म्हटलं, मी पोर्तुगाल म्हटलं आणि तेही २५ एप्रिलला, म्हणजे १९७४ ला लष्करातल्या अधिकाऱ्यांनी तिथली हुकूमशाही उलथवली त्या तारखेला, तिथे असायला हवं असं म्हटलं. नवऱ्याला कारण सांगितलं ते असं की माझे आजोबा बांद्याला राहायचे, १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, तेव्हा आमच्या अंगणात जखमींना पेज पाजलेली आजीने सांगितलेली. लहानपणी माझ्या डोक्यात पोर्तुगीज म्हणजे एक मोठ्ठा माणूस, टोपीवाला, वाईट. मग कधीतरी कॉलेजात असताना कळलं की पोर्तुगालचा हुकूमशहा असलेल्या ज्या सालाझारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या त्याच सालाझारने स्वतःच्या देशातल्या लोकांनाही तोंड उघडू दिलं नव्हतं, १९२६ ते १९७४ अशी ४८ वर्षं तिथे हुकूमशाही, म्हणजे गोव्याला स्वातंत्र्य १९६१ ला मिळालं आणि पोर्तुगालला त्यानंतर तेरा वर्षांनी! तेव्हापासून डोक्यात किडा होता की हे तिथे नेमकं सुटलं कसं.

आमची खोली ग्रासा नावाच्या चढावरच्या भागात, एका साठी उलटलेल्या बाईंच्या घरात. जिने म्हणजे पन्हाळा चढल्यासारखं. पोप फ्रान्सिस सोमवारी गेले म्हणून राष्ट्रीय दुखवटा चालू होता, झेंडे अर्ध्यावर, सरकारने उद्याचे आपले करमणुकीचे कार्यक्रम पुढे ढकललेले आणि त्यावरून लोक चिडलेले. त्यात १८ मेला निवडणूक, त्यामुळे प्रत्येक चौकात पुढाऱ्यांचे हसरे फोटो. ते बघून नवरा म्हणाला, "घरी आल्यासारखं वाटतंय."

रात्री जेवून भावाने आम्हाला खाली उतरवलं, एका बाकावर बसवलं आणि बरोबर १०.५५ ला मोबाईलवर एक गाणं लावलं. प्रेमात हरलेल्या माणसाचं रडकं गाणं, १९७४ ला युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गेलेलं आणि शेवटच्या नंबरात आलेलं. हा क्रांतीचा पहिला सिग्नल होता. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री १०.५५ ला लिस्बनच्या एका रेडिओने हे लावलं की बंडातल्या अधिकाऱ्यांनी तयार व्हायचं, आणि मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी दुसऱ्या रेडिओवर 'ग्रांदोला' नावाचं गाणं लागलं की निघायचं, परत फिरायचं नाही. पहिलं गाणं इतकं साधं की कुणाला संशय येणार नाही, दुसरं मात्र झेका अफोन्सो या गायकाचं, ज्याच्या बऱ्याच गाण्यांवर बंदी होती. आम्ही १२.२० पर्यंत काही जागे राहिलो नाही, विमानाचा थकवा होता.

दिवस दुसरा, शुक्रवार २५ एप्रिल

सकाळी सकाळी तेरेइरु दु पासु. नदीकाठचा प्रचंड चौक, तीन बाजूंनी पिवळ्या कमानी, ही सगळी सरकारी खाती होती. सान्तारेंच्या घोडदळ शाळेतून रात्रीतून निघालेला साल्गेइरु माइया नावाचा २९ वर्षांचा कॅप्टन २४० माणसं घेऊन पहाटे इथे पोचला. निघण्याआधी त्याने पोरांना झोपेतून उठवून सांगितलं होतं की राज्यं बऱ्याच प्रकारची असतात, समाजवादी, भांडवलशाही वगैरे, आणि एक हे आपण येऊन पोचलोय ते, आज रात्री हे संपवायला चाललोय, ज्याला यायचंय त्याने बाहेर रांगेत उभं राहावं, नको असेल त्याने इथेच थांबावं. सगळे रांगेत उभे राहिले. आणि लिस्बनमध्ये शिरताना म्हणे त्यांची गाडी लाल सिग्नलला थांबली होती. सरकार उलथवायला निघालेला माणूस सिग्नल पाळतो, मला हे फार आवडलं, पुण्यात हे अशक्य आहे.

चौकाच्या बाजूने नदीलगत एक रस्ता जातो, रिबेइरा दास नाउस. आता तिथे पायऱ्यांवर लोक उन्हात बसतात, आईस्क्रीम खातात. मी तिथे अर्धा तास थांबले, नवरा कंटाळला. कारण माझ्या मते सगळी गोष्ट या रस्त्यावर ठरली. सरकारच्या बाजूचे रणगाडे समोरून आले, ब्रिगेडियरने गोळी चालवायचा हुकूम दिला, माइया खिशात हातबॉम्ब आणि हातात पांढरा रुमाल घेऊन चालत पुढे गेला. आणि रणगाड्यात बसलेल्या जुझे आल्व्हेस कोश्ता नावाच्या साध्या कॉर्पोरलने गोळी चालवली नाही. ब्रिगेडियर ओरडतोय, पिस्तूल दाखवतोय, हा आत बसला आणि झाकण लावून घेतलं, बास. नदीत एक फ्रिगेट उभी होती तिलाही चौकावर तोफा डागायचा हुकूम होता, तिनेही डागल्या नाहीत. आपण पुस्तकात वाचतो की लोकांनी हुकूमशाही उलथवली, लोक नंतर आले, खूप आले, पण त्याच्या आधी कुणीतरी एकाने ट्रिगरवरचं बोट काढलेलं असतं.

आता हे कॅप्टन लोक मुळात का पेटले, तर त्याचं कारण ऐकून माझा नवरा (सरकारी नोकरी, २२ वर्षं) चालता चालता थांबला. कारण सिनिऑरिटी! १९६१ पासून अंगोलात, मग गिनीत, मग मोझांबिकमध्ये स्वातंत्र्याची युद्धं पेटलेली, हे सालाझारसाहेब सोडायला तयार नाहीत, प्रत्येक पोराला सक्तीची भरती, एकदा गेलं की वर्षंच्या वर्षं जंगलात, सरकारच्या बजेटातला साधारण ४० टक्के पैसा युद्धात. तरणी पोरं रातोरात सीमा ओलांडून फ्रान्सला पळत होती. मिलिटरी अकादमीत शिकायला कुणी येईना, अधिकारी कमी पडायला लागले, म्हणून जुलै १९७३ मध्ये सरकारने वटहुकूम काढला की सक्तीच्या भरतीत आलेले अधिकारी छोटा कोर्स करून कायम होतील आणि त्यांची आधीची वर्षं सिनिऑरिटीत धरली जातील. म्हणजे चार वर्षं अकादमीत घासून आलेल्या कॅप्टनच्या डोक्यावरून हे पुढे. ९ सप्टेंबर १९७३ ला एव्होरा जिल्ह्यातल्या एका शेतघरावर शंभरावर अधिकारी जमले ते यासाठी. सरकारने नंतर वटहुकूम गुंडाळला पण तोवर बैठका चालूच होत्या आणि बोलता बोलता विषय प्रमोशनवरून युद्धावर, युद्धावरून सरकारवर गेला. "सिनिऑरिटीवरून क्रांती होत असती तर आमच्या खात्यात दर महिन्याला झाली असती," इति नवरा. मी म्हटलं तुमच्याकडे रणगाडे नाहीत म्हणून.

पण त्यात आपला एक धागा आहे आणि तो मला इथे यायच्या आधीच सापडला होता. या कॅप्टनांच्या डोक्यात गोवा होता. डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरायच्या काही दिवस आधी सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हाला तार पाठवली की शरणागती नाही, आपले सैनिक आणि खलाशी एक तर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. तीन हजारांच्या वर माणसं होती त्याच्याकडे, समोर कितीतरी पटीने मोठं सैन्य, त्याने हुकूम मोडला, १९ डिसेंबरला शरण आला आणि पणजी उभी राहिली, माणसं जगली. ती माणसं महिनोन् महिने फोंड्याला वगैरे छावणीत राहून परत गेली तेव्हा लिस्बनने त्यांना गुन्हेगारासारखं उतरवून घेतलं, १९६३ मध्ये वासालोला आणि काही अधिकाऱ्यांना लष्करातून काढून टाकलं. चूक राजकारण्यांची आणि नाक कापलं सैन्याचं. बारा वर्षांनी गिनीत हरायची वेळ आली तेव्हा हे कॅप्टन म्हणायला लागले की आता आपला गोवा होणार, हरणार सरकार आणि खापर आपल्या डोक्यावर. माझ्या आजोबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. तिकडे गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला सत्याग्रहींचं जे झालं, नंतर पणजीत जे झालं, ते फिरून फिरून सालाझारच्याच दारात आलं. वासालोची नोकरी त्याला परत मिळाली ती १९७४ नंतर.

तिथून चढून लार्गु दु कार्मु. छोटासा चौक, मधे कारंजं, एका बाजूला १७५५ च्या भूकंपात छप्पर उडालेलं चर्च आणि त्याला लागून पोलिसदलाची बराक. सालाझार १९६८ मध्ये खुर्चीवरून पडून आजारी पडला (खरंच खुर्चीवरून!) आणि त्याच्या जागी आलेला मार्सेलु कायतानु इथे लपला होता. सालाझार १९७० पर्यंत जगला आणि त्याला शेवटपर्यंत वाटत होतं तोच राज्य करतोय, मंत्री येऊन त्याच्यासमोर बैठकीचं नाटक करायचे. असो. चौकात हजारो लोक झाडांवर, कारंज्यावर चढलेले, रेडिओ सकाळपासून सांगतोय घरात बसा आणि कुणी ऐकत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास कायतानुने सत्ता सोडली, पण अट घातली की कॅप्टनकडे नाही, जनरलकडे देणार, सत्ता रस्त्यावर पडायला नको, मग जनरल स्पिनोलाला बोलावलं. जाताना पण हुद्दा बघायचा! जमिनीत माइयाच्या नावाचा एक गोल दगड आहे, त्यावर आज लाल फुलं. त्याने नंतर कुठलंही पद घेतलं नाही, ४७ व्या वर्षी कॅन्सरने गेला.

आणि फुलांची गोष्ट अशी की सेलेश्त कायेरु नावाची बाई एका रेस्टॉरंटात कामाला होती, त्या दिवशी हॉटेलचा पहिला वाढदिवस, गिऱ्हाइकांना वाटायला कार्नेशन आणलेली, गावात गडबड म्हणून मालकाने हॉटेल बंद ठेवलं आणि फुलं घरी न्यायला सांगितली. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली, हिच्याकडे नव्हती, हिने फूल दिलं, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ९१ व्या वर्षी वारली.

दुपारी तीनला अव्हेनिदा दा लिबरदादेवर मोर्चा. दुखवटा वगैरे काही नाही, एवढी गर्दी की आपली अनंत चतुर्दशी आठवावी, फक्त डीजे नाही. पुढे जुनी चिलखती गाडी, तिच्यावर पांढऱ्या केसांचे म्हातारे, लोक त्यांना हात लावायला धडपडतायत. बाबागाडीतल्या पोराच्या हातात पण कार्नेशन. घोषणा एकच, कायम २५ एप्रिल, फॅसिझम पुन्हा कधीच नाही. आम्हीही दोन युरोला फूल घेतलं. गर्दीत भाऊ म्हणाला, "ताई, ह्या गर्दीत आमच्यासारखे किती आणि आमका परत जा म्हणणारे घरात बसलेले किती, तां मे महिन्यात कळतला." कळलं. बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणारा शेगा नावाचा पक्ष २३० पैकी ६० जागा घेऊन दुसरा आला.

दिवस तिसरा, शनिवार २६ एप्रिल

पाय दुखत होते तरी अल्जूब. मोठ्या चर्चच्या मागे एक चारमजली घर, बाहेरून बघून वाटणार नाही. इथे पीदे म्हणजे गुप्त पोलिसांचा तुरुंग होता, १९६५ ला बंद झाला, आता म्युझियम. (तुरुंग हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'त्रोंको'वरून आलाय. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार आणि तुरुंग, काय काय देऊन गेले बघा.) साधारण एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब कोठड्या, त्यांना इथले कैदी 'कुर्रु' म्हणायचे, म्हणजे बैल कोंडायची जागा. मी आत उभी राहून दोन्ही हात पसरायला गेले, पसरेनात. मारहाणीपेक्षा वाईट म्हणजे झोपू द्यायचं नाही, दिवसचे दिवस, आणि 'पुतळा' म्हणजे भिंतीजवळ नुसतं उभं करून ठेवायचं. वरच्या मजल्यावर सेन्सॉरची निळी पेन्सिल आणि खोडलेले पेपर. एका पानावर इतकी खोडाखोड की काय छापलं असेल, हवामान?

दुपारी लोकल पकडून काशियाश. नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, गाडी किनाऱ्याने जाते, छान वाटतं. स्टेशनवरून वर चढलं की किल्ल्याचा तुरुंग, आणि तो आजही चालू तुरुंग आहे, त्यामुळे आत कुणाला सोडत नाहीत, फाटकापासून लांबूनच बघितलं. पहारेकऱ्याने विचारलं काय हवंय, भावाने सांगितलं आमच्या गावाकडचा एक माणूस इथे होता. कधी? साठ साली. तो हसला आणि म्हणाला मग सुटला असेल.

सुटले, पण कधी बघा. मोहन रानडे, मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, गोव्यात मास्तर म्हणून गेले आणि गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा, १९६० मध्ये पोर्तुगालला आणून इथे टाकले. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला! पणजीत तिरंगा लागला, मुंबईत पेढे वाटले आणि हा माणूस इथे या टेकडीवर एकटा कोंडलेला. सुटका जानेवारी १९६९ ला, त्यासाठी बाबूजींनी म्हणजे सुधीर फडक्यांनी किती खटपट केली, तेव्हाचे मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे. मी तिथे उभी राहून गणित करत होते की १९६१ च्या १९ डिसेंबरपासून मोजली तरी सात वर्षं होतात. स्वतंत्र झालेल्या जागेसाठी सात वर्षं.

१९७४ च्या २६ एप्रिलला, म्हणजे याच तारखेला, या फाटकाबाहेर नातेवाइकांची गर्दी होती. स्पिनोलाचं म्हणणं होतं की राजकीय कैदी सोडू पण ज्यांच्यावर हिंसेचे आरोप आहेत ते ठेवू. आतल्यांनी कळवलं, सगळे सुटणार नाहीतर कुणीच नाही. रात्री सगळे बाहेर आले. फाटकासमोर आज कुणी नव्हतं, फक्त एक बस स्टॉप आणि एक माणूस कुत्रा फिरवत होता.

परतताना 'पुल २५ एप्रिल' दिसतो, लाल, लांबलचक. १९६६ ला बांधला तेव्हा नाव होतं सालाझार पूल. रात्री भावाच्या खोलीवर सोलकढी आणि बांगडा. त्यावर जास्त लिहीत नाही, पण इथल्या बांगड्याला ती चव नाही.

दिवस चौथा, रविवार २७ एप्रिल

पेनिश. बसने दीडेक तास, लिस्बनच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटर, वारा असा की ओढणी दोनदा उडाली. खडकावर समुद्रात घुसलेला किल्ला, विजयदुर्गची आठवण झाली. सालाझारच्या काळातला सगळ्यात कडक राजकीय तुरुंग, आता राष्ट्रीय म्युझियम, आणि इथले कैदीही ७४ ला २६-२७ च्या रात्री सुटले, त्यामुळे आम्ही बरोबर तारखेला पोचलो. भिंतीवर अडीच हजारांच्या वर कैद्यांची नावं आहेत. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात बोलले आणि त्यानंतर गोव्यातून ज्यांना पकडून इथे आणलं ते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे... मडगावचा उकाडा सोडून या वाऱ्यात. भेटायच्या खोलीत मधे काच, दोन्ही बाजूला स्टूल, मागे पहारेकरी ऐकतोय. मडगावहून कोण येणार होतं भेटायला.

इथून १९६० च्या ३ जानेवारीला कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल आणि आणखी नऊ जण चादरींचे दोर करून भिंतीवरून उतरले, एक पहारेकरी त्यांना सामील झाला होता. परत तेच, हुकूम न ऐकणारा एक जण. भिंतीच्या कडेने खाली बघितलं तर माझे पाय गार पडले.

किल्ल्याबाहेर सार्डिन खाताना नवऱ्याने प्रश्न काढला, मग २६ तारखेला लोकशाही आली का? नाही आली ना. कॅप्टनांच्या कार्यक्रमात पोर्तुगीजमधले तीन 'द' होते, म्हणजे 'द'ने सुरू होणारे तीन शब्द, लोकशाही, वसाहती सोडणं आणि विकास, पण कुठला 'द' कुणी कसा करायचा यावर दीड वर्ष मारामारी. सहा हंगामी सरकारं, स्पिनोलाच पुढे बंड करायला गेला मार्च ७५ ला आणि देश सोडून पळाला, बँका सरकारने घेतल्या, दक्षिणेत मजुरांनी जमिनी ताब्यात घेतल्या, लष्करातले डावे म्हणत होते निवडणुका कशाला, क्रांती पुढे नेऊ. तरी निवडणूक कबूल केल्याप्रमाणे वर्षाच्या आत म्हणजे २५ एप्रिल १९७५ ला झाली आणि जवळपास ९२ टक्के लोकांनी मत दिलं. सोशालिस्ट पहिले, कम्युनिस्ट साडेबारा टक्क्यांवर. बंदुकवाल्यांना त्या दिवशी कळलं की लोकांना काय हवंय, तरी २५ नोव्हेंबर ७५ पर्यंत धुसफूस चाललीच, घटना आली एप्रिल १९७६ ला, आणि लष्कराच्या क्रांती परिषदेला पूर्ण घरी बसवायला १९८२ उजाडलं. मला वाटतं रणगाडा चौकातून परत बराकीत नेणं हे आणण्यापेक्षा अवघड काम होतं आणि ते पोर्तुगालने केलं. आपल्या आसपासच्या किती देशांना जमलं नाही ते बघा.

राज्यशास्त्रवाले याला लोकशाहीच्या तिसऱ्या लाटेची सुरुवात म्हणतात, ७४ च्याच जुलैत ग्रीसमध्ये सत्तेवर बसलेले कर्नल पडले, पुढच्या वर्षी स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेला आणि स्पेन वळला. पण स्पेन बोलून वळला, ग्रीस सायप्रसमध्ये तोंडघशी पडून वळला आणि पोर्तुगाल आफ्रिकेत अडकून. आफ्रिकेतल्या त्या युद्धांत पोर्तुगालची आठ हजारांच्या वर पोरं मेली, आफ्रिकेतली माणसं त्याच्या कितीतरी पट. लिस्बनला लोकशाही मिळाली त्यात अंगोला-गिनीच्या लोकांचा वाटा आहे, हे परवाच्या मोर्चात एका आफ्रिकी पोरीच्या पाटीवर तेवढं दिसलं.

आणि हो, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं लिहून दिलं. त्यांच्याकडून सही करणारे मारिओ सोआरेस, जे सालाझारच्या काळात तुरुंगात आणि हद्दपारीत होते, आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. सोआरेस देश सोडून राहिलेले, चव्हाण बेचाळीसला भूमिगत झालेले. दोघांनाही सरकारने शोधत फिरणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

दिवस पाचवा, सोमवार २८ एप्रिल

आज खरेदी आणि नाता (कस्टर्डचा पाव म्हणा, पण पाव नाही) असा बेत होता. साडेअकराच्या सुमारास दुकानात कार्ड मशीनवर ठेवलं आणि दिवे गेले. मला वाटलं माझ्यामुळे. बाहेर आलो तर सिग्नल बंद, ट्राम मधेच उभी, मेट्रोतून लोक घामाघूम होऊन वर येतायत, थोड्या वेळात मोबाईल पण गेला. अख्खा पोर्तुगाल आणि स्पेन अंधारात हे आम्हाला दुपारनंतर कळलं. एटीएम बंद, दुकानांची शटरं खाली, नवऱ्याच्या मोज्यात ठेवलेले चाळीस युरो (मी तीन दिवस त्यावर हसत होते) कामाला आले, पाणी आणि पाव घेतला.

घरी आलो तर आमच्या घरमालकीण बाई जिन्यात स्टूल टाकून बसलेल्या आणि मांडीवर ट्रान्झिस्टर. राखाडी, कातडी कव्हरचा, एरियलच्या टोकाला सुतळी बांधलेली. शेजारचे पाच-सहा जण भोवती, पोरं-टोरं, समोरच्या दुकानातला बांगलादेशी मुलगा. इतके दिवस आमचं बोलणं मोबाईलच्या भाषांतरावर चाललेलं, आता नेट नाही, त्यामुळे आम्ही नुसते हसत बसलो. चारच्या सुमारास भाऊ तासभर चालत आला, हॉटेल बंद झालं म्हणून, आणि मग बाई सुटल्याच.

७४ ला त्या १७ वर्षांच्या. हाच ट्रान्झिस्टर, वडिलांचा. पहाटे त्यावर संगीत थांबवून आवाज आला की सशस्त्र दलं बोलतायत, घरात राहा. आईने दाराला कडी लावली आणि चावी पदरात, म्हणजे एप्रनच्या खिशात, टाकली. वडील म्हणाले पाव आणतो. रात्री अकराला परत आले, पाव नाही, आवाज बसलेला, आणि येऊन काही बोलले नाहीत, नुसते आईच्या समोर बसून राहिले. थोरला भाऊ तेव्हा गिनीत होता. आई रोज पत्राची वाट बघायची, आणि त्या रात्री वडिलांनी एवढंच म्हटलं की आता तो येईल. तो शरद ऋतूत आला. "नंतर कधी बोलला नाही तिथलं," बाई म्हणाल्या, "आम्हीही विचारलं नाही."

मग ७५ च्या मतदानाचं सांगितलं, आणि हे सांगताना त्या उभ्या राहिल्या. त्यांना नुकतं अठरावं लागलेलं, पहिलं मत. आईचंही पहिलंच, कारण आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आधीच्या राज्यात अशा बाईला मत नव्हतं. दोघी पहाटे सहाला रांगेत. कागदावर पक्षांची चिन्हं, आईने घरी चिन्ह पाठ केलेलं, कुठलं ते पोरीलाही सांगितलं नाही. आत जाऊन बराच वेळ बाहेर येईना म्हणून लोक ओरडायला लागले. बाहेर आली तेव्हा म्हणाली, पेन्सिल नीट धरता येत नव्हती, फुली वाकडी झाली तर चालते ना? मला एकदम माझी आजी आठवली, बैलजोडीवर शिक्का मारून आलेली आणि आयुष्यभर शाईचं बोट दाखवत सांगणारी.

आईने मत कुणाला दिलं होतं ते कळलं का, मी विचारलं. भावाने भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली. नाही. मेली तरी सांगितलं नाही.

अंधार पडला, कुणीतरी मेणबत्त्या आणल्या, कुणी वाइन, आमच्याकडचा लाडू फिरला. रेडिओ सांगत होता कुठे कुठे वीज आली. साडेदहाच्या आसपास गल्लीतले दिवे एकदम पेटले, सगळ्या खिडक्यांतून आरडाओरडा झाला, समोरच्या टीव्हीवर कसलीतरी जाहिरात मोठ्याने सुरू झाली. बाईंनी ट्रान्झिस्टर बंद केला, सेल काढले, दोन्ही सेल बिस्किटाच्या डब्यात वेगळे ठेवले आणि सुतळी एरियलला नीट गुंडाळली.